सात मात्रांची कवायत

नववीत असताना मी पहिल्यांदा बिगुल हातात घेतला आणि आधी त्याला भोकं कुठं आहेत ते शोधलं. उलटा केला, सुलटा केला, पितळेच्या दोन वेटोळ्यांवरून बोट फिरवलं. एकही भोक सापडलं नाही. त्याआधी दहाच मिनिटांपूर्वी मी वर्गात बसून त्याच बिगुलातून निघालेले चार वेगवेगळे सूर ऐकले होते. भूगोलाचा तास चालू होता, मास्तर फळ्यावर गोदावरी काढत होते, आणि मैदानाकडून तो आवाज आला. पाणी प्यायचं निमित्त सांगून मी उठलो ते थेट मैदानावर.

"भोकं कुठायत?" मी विचारलं.

बिगुल वाजवणारा माणूस माझ्याकडं बघून हसला. पन्नाशीचा, काटकुळा, गालांवर आडव्या रेघा पडलेल्या. "इसमें एकीच छेद है मियाँ," तो म्हणाला. "वो बी तुम्हारे मूं से लगता."

हे आमचे नवे कवायत मास्तर. सगळी शाळा त्यांना उस्ताद म्हणायची.

मी कल्याणीचा. आता त्याला बसवकल्याण म्हणतात, तेव्हा नुसतं कल्याणी. बाजारपेठेत अप्पांचं किराणा दुकान होतं आणि दुकानामागं आमचं घर. आम्ही बसवण्णांना मानणारे, घरात निम्मं कन्नड, निम्मं मराठी. आईला अव्वा म्हणायचो. दर सोमवारी अप्पा मठात पेटीवर वचनं म्हणत, आणि ती पेटी एरवी आमच्याच घरी असे. मला सात-आठ वर्षांचा असल्यापासून तिच्या पट्ट्या ठाऊक होत्या. त्यामुळं सूर म्हणजे पट्टी, प्रत्येक सुराला त्याची एक जागा, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. आणि इथं एक नळी होती जिला कुठं पट्टी नाही, भोक नाही, तार नाही.

हैदराबाद संस्थान भारतात येऊन तीन-चार वर्षं झाली होती. जहागिऱ्या गेल्या, जहागीरदारांचे बँड मोडले. अशाच एका मोडलेल्या बँडची वाद्यं आमच्या हेडमास्तरांनी शाळेसाठी मिळवली होती: दोन बिगुल, चार छोटे ड्रम, एक मोठा ढोल, आणि लाकडी पेटीत बंद असलेलं आणखी एक वाद्य. वाद्यांबरोबर त्याच बँडमधला एक वाजवणाराही आला, ते उस्ताद. त्यांचा खाकी कोट जुन्या नोकरीतला होता. त्याची पितळी, शिक्क्याची बटणं काढून तिथं सदऱ्याची पांढरी बटणं लावलेली. संस्थान गेलं ते वर्ष आमच्या भागात फार वाईट गेलं होतं. आधी एकांची घरं जळाली, मग दुसऱ्यांची. उस्तादांचं घरही त्यात गेलं, एवढं मला ऐकून माहीत होतं. ते त्याबद्दल कधी बोलले नाहीत आणि मीही कधी विचारलं नाही. बाकी सगळं विचारलं.

बँडसाठी चौदा मुलं घेतली. बिगुलासाठी आम्ही चौघं, दोन-दोन आळीपाळीनं. मोठा ढोल कुणाच्याच गळ्यात पेलेना. शेवटी माझ्या बाकावरचा सोबती पुढं झाला. तो धनगराचा. त्याच्या घरी मेंढरं कमी होऊन शेती आली होती, पण जत्रेतला ढोल काही सुटला नव्हता. त्यानं ढोल गळ्यात अडकवला, एकदा या तोंडावर आणि एकदा त्या तोंडावर थाप मारली आणि म्हणाला, "ह्याची एक बाजू सैल हाय." उस्तादांनी दोन्ही बाजू वाजवून पाहिल्या आणि मान हलवली. ढोलाचा निकाल तिथंच लागला.

बिगुलाचा निकाल मात्र लवकर लागेना. पहिले पंधरा दिवस माझ्या बिगुलातून नुसता वारा निघाला. उस्ताद सांगायचे, "फूंको नक्को. होटां बोलने दो." ओठ एकमेकांवर घट्ट धरायचे आणि मधून हवा अशी सोडायची, की ते थरथरले पाहिजेत. मी शाळेत जाताना, येताना, दुकानात डाळ मोजताना ओठ थरथरवत असायचो. एकदा एका गिऱ्हाइकानं अप्पांना विचारलं, "पोराला वाऱ्याचा झटका आलाय का?" सोळाव्या की सतराव्या दिवशी आवाज फुटला. रेडकू हंबरावं तसा. ढोलवाला जमिनीवर बसून हसला. मीही हसलो, आणि लगेच पुन्हा तोच आवाज काढायला गेलो तर निघाला दुसराच, वरचा. माझी बोटं जागची हलली नव्हती, नळी तीच, मी तोच. मग हा दुसरा सूर आला कुठून?

शनिवारी मी बिगुल मागून घरी नेला. दुकान मिटायला वेळ होता. मागच्या खोलीत पेटी उघडून बसलो, एका हातानं भाता, एका हातात बिगुल. एक सूर बिगुलात काढायचा आणि पेटीवर त्याची पट्टी शोधायची. संध्याकाळपर्यंत चार सापडले. काळी पाच हा त्याचा सा निघाला. त्याखाली मंद्रातला प. वर ग, आणि त्याच्या वर प. अगदी खाली आणखी एक सा होता, पण तो म्हशीसारखा यायचा, त्याचा भरवसा नव्हता. बस्स. रे नाही, म नाही, ध नाही, नी नाही. कितीही ओठ आवळले, सैल सोडले, तरी सा वरून सूर उडी मारून थेट ग वर. मधे पायरीच नव्हती.

अप्पा गल्ला आवरून आत आले. मी त्यांना दाखवलं. त्यांनी पेटीवर रे दाबून धरला आणि म्हणाले, "हा काढ बरं."

मी काढून पाहिला. ग आला.

"पुन्हा."

सा आला.

"आरं, मंग रे गेला कुठं?" अप्पा खरोखर चक्रावले. वाणी माणूस, दुकानात तोललेली वस्तू कमी भरली की तिचा पत्ता लागेपर्यंत त्यांना चैन पडायचं नाही. त्यांनी बिगुलाच्या भोंग्यात डोळा लावून आत पाहिलं.

तेवढ्यात अव्वा आली. तिनं बिगुल पाहिला, माझं तोंड पाहिलं. "काय करायलास रे? ती कुणाकुणाच्या तोंडची नळी?"

"उस्ताद वाजवतात, आमी वाजवतो."

"म्हंजी सगळ्यांचं उष्टं. गळ्यात लिंग हाय तुझ्या." तिनं ती फुंकायची वाटी, जी बिगुलाच्या टोकातून वेगळी निघते, माझ्या हातातून घेतली, चिंचेनं घासली, राखेनं घासली, तीनदा पाण्यातून काढली. वाटी सोन्यासारखी चकाकायला लागली. तरी तिच्या चेहऱ्यावरची आठी गेली नाही.

सोमवारी उस्तादांनी ती चकाकणारी वाटी पाहून विचारलं, आणि मी वेड्यासारखं जे झालं ते सगळं सांगून टाकलं. सांगताना मधेच मला कळलं की हे सांगायला नको होतं. उस्तादांनी वाटी उन्हात धरून पाहिली. मग म्हणाले, "अम्मा सही बोलते. बँड में बी हरेक का अपना मुपीस रहता. दूसरे का लगाये तो होटां बिगड जाते." त्यांनी आपल्या पिशवीतून, रुमालात गुंडाळलेली एक दुसरी वाटी काढली आणि मला दिली. "ये तुम्हारा. मैं कब्बी नै बजाया इसको. अम्मा को बोलो."

मी अव्वाला सांगितलं. त्यानंतर दर शनिवारी ती वाटी स्वतःच मागून घ्यायची आणि चिंचेनं घासून द्यायची.

त्या हिवाळ्यात मी हरवलेल्या सुरांच्या मागं लागलो. पपईच्या पानाचे पोकळ देठ आणले, लहान-मोठे कापले. कंपाउंडरकडून जुनी रबरी नळी आणली, एका टोकाला माझी वाटी घुसवली, दुसऱ्या टोकाला दुकानातलं रॉकेलचं नरसाळं. आवाज निघाला! रॉकेलचा वास मारणारा, पण चांगला खणखणीत. नळी लांब केली की सूर खाली जायचा, आखूड केली की वर. एवढं कळलं. पण कोणत्याच एका नळीतून सरगम सलग निघेना. जी नळी घ्यावी तिचे सूर असे उड्या मारतच जायचे. ढोलवाला रोज विचारायचा, "घावला का रे?" आणि मी म्हणायचो, "न्हाई अजून."

शेवटी उस्तादांना विचारलं. मैदानावर कडुनिंबाखाली ते ड्रमच्या दोऱ्या ताणत बसले होते. "उस्ताद, बिगुलात रे कामून न्हाई?"

त्यांनी दोरी सोडली. "कौन बोल्या तुमना, नै करके?"

"मी पेटीवर लावून बगितलं. सा, ग, प, खालचा प. बाकीचे न्हाईतच."

त्यांनी ड्रम बाजूला ठेवला. मग म्हणाले, तीस वर्षं बिगुल वाजवला, पण हे विचारणारा पोरगा पहिलाच. उठले, वाद्यांच्या खोलीत गेले आणि ती लाकडी पेटी घेऊन आले. आत कॉर्नेट होता. बिगुलाचाच भाऊ, पण पोटात नळ्यांची गुंतवळ आणि वर तीन कळा. सगळा हिरवा पडलेला. मी कळ दाबून पाहिली. हलली नाही.

"ये मेरा था," उस्ताद म्हणाले. "बँड टूट्या, तब से बंद है. मैं बी खोल्या नै."

"उघडूया की."

"कैकू?"

मी म्हणालो, "आत काय हाय ते बगायला."

ते मोठ्यानं हसले. त्यांना एवढं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी दुकानातून रॉकेल आणलं. आम्ही दोन दुपारी तो कॉर्नेट एका घमेल्यात रॉकेलमध्ये बुडवून ठेवला. तिसऱ्या दिवशी उस्तादांनी लाकडाच्या दांड्यानं हलके ठोके देत एकेक दट्ट्या बाहेर काढला. पितळी नळकांडं, त्याला आरपार वाकडी भोकं. प्रत्येक मी डोळ्यासमोर धरून पाहिलं. पुसून झाल्यावर मी खोबरेल पुढं केलं, तर उस्तादांनी मान हलवली आणि दट्ट्यांना चक्क थुंकी लावली. "बँड का तेल येईच," ते म्हणाले. अव्वाला ही गोष्ट मी सांगितली नाही.

उस्तादांनी कॉर्नेट माझ्याकडं दिला. शिकवलं काहीच नाही. "ढूंडो," एवढंच म्हणाले आणि शेजारी बसून राहिले.

मी कळ न दाबता ग काढला. मग तोच ग फुंकत असताना पहिली कळ दाबली. रे आला.

मी कळ सोडली, ग; दाबली, पुन्हा रे. मी प फुंकला आणि तीच कळ दाबली. म आला. सा वर दुसरी कळ दाबली, खालचा नी. पहिली आणि दुसरी दोन्ही दाबल्या, ध. मी वाद्य खाली घेऊन त्या कळांखालच्या नळ्या बोटानं मोजायला लागलो. दुसरीची नळी सगळ्यांत आखूड, पहिलीची तिच्या दुप्पट वाटावी एवढी. कळ दाबली की हवेला तेवढा वळसा जास्त पडत होता. म्हणजे माझी रबरी नळीच ती! नळी लांब केली की सूर खाली. रे कुठं गेलेला नव्हता. तो ग होता, जरा लांबच्या वाटेनं आलेला.

मी उस्तादांना हे भराभर सांगत होतो आणि ते मान हलवत होते. "मेरेकु ये मालूम नै था," ते म्हणाले. "उंगलियाँ मालूम थे."

मग जिल्ह्याच्या शालेय खेळांचं पत्र आलं. बिदरला सगळ्या तालुक्यांच्या शाळा जमणार, पहिल्या दिवशी संचलन, ज्यांचा बँड असेल त्यांनी बँडसह. हेडमास्तर खादी घालणारे, उमरग्याकडचे, मनानं चांगले पण शिस्तीचे. त्यांनी उस्तादांना बोलावून विचारलं, कोणता मार्च बसवणार? उस्तादांनी कॉर्नेटवर वाजवून दाखवला. हेडमास्तरांचा चेहरा पडला. तो जुन्या दरबारी सलामीचा होता, आणि कल्याणीत तो ओळखणारे पुष्कळ होते.

"हा चालणार नाही, मास्तर. दुसरा बसवा."

उस्तादांनी दुसरा वाजवला. तोही तिथलाच. तिसराही.

"साब," ते शेवटी म्हणाले, "मेरे पास दूसरा कुछ नै."

ते खोलीबाहेर आले तेव्हा मी दारातच होतो. त्यांनी कॉर्नेट माझ्या हातात दिला आणि मैदानाकडं न जाता घराची वाट धरली. दोन दिवस शाळेत आले नाहीत. त्या दोन दिवसांत आम्ही नुसत्या ढोलावर चाललो. ढोलवाला म्हणाला, "गाणं न्हाई तर मज्जा न्हाई. तूच घाल की कायतरी."

मला काय येत होतं? अप्पांची वचनं मठातली, ती कवायतीला कशी लावायची. मग एक आठवलं. अव्वाचं माहेर भालकी तालुक्यातलं मेहकर. तिथं बायका टिपऱ्या खेळताना जे म्हणायच्या, कोलाट, ते ती काम करताना गुणगुणायची. शब्द अर्धे कन्नड, अर्धे आपले. चाल मात्र अशी ठसक्याची की ऐकणाऱ्याची बोटं हलावीत. मी ती कॉर्नेटवर बसवली. रे लागत होता, म लागत होता, खालचा नी लागत होता. बिगुलावर ही चाल जन्मात निघाली नसती.

उस्ताद परत आले त्या दिवशी मी त्यांना काही न विचारता ती वाजवली आणि मागं ढोल-ड्रम सुरू झाले. मुलं चालायला लागली. आणि दहा पावलांत सगळी रांग कोलमडली. मागच्याचा पाय पुढच्याच्या टाचेवर, दोघं पडले, एकाच्या गुडघ्याचं सालटं निघालं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मुलं एकमेकांवर ओरडायला लागली, "पाय बदल ना रे!" "तूच बदल!"

उस्ताद बोटांवर मोजत होते. "फिर बजाओ." मी वाजवलं. त्यांनी मोजलं. तीन, दोन, दोन. "सात है ये," ते म्हणाले. "सिपाही के पाँव दो. सात कैसा चलता?"

गोम आमच्याही ध्यानात आली. मुलांना शिकवलं होतं की मोठा ढोल वाजला की डावा पाय. ढोल दर फेरीच्या पहिल्या मात्रेवर वाजे, आणि फेरी सात मात्रांची असल्यानं एक ढोल डाव्या पायावर पडायचा आणि पुढचा उजव्या. मुलं गोंधळून पाय बदलायची आणि एकमेकांवर आदळायची. उस्ताद म्हणाले, शेवटी एक मात्रा वाढवू, आठ होतील. मी तसं वाजवून पाहिलं. पाय नीट पडले, पण गाणं मेलं. प्रत्येक फेरीच्या शेवटी ते पाण्याची घागर खाली ठेवून दम खाल्ल्यासारखं थांबायचं. उस्तादांनाही ते रुचलं नाही.

ढोलवाला जागेवरच पावलं टाकून बघत होता. मग तो म्हणाला, "दोन फेऱ्या मिळून चौदा हुतेत. चौदा पावलांनी डावा पाय परत येतोय की." आणि त्यानं ढोल उचलला. "पैली फेरी सुरू झाली की ह्या तोंडावर मारतो, डाव्या. दुसरी सुरू झाली की त्या तोंडावर. ती बाजू सैल हाय, आवाज येगळा येतोय. डाव्या बाजूचा आवाज, डावा पाय. उजव्या बाजूचा, उजवा. पोरांनी मोजायचंच न्हाई. नुस्तं ऐकायचं."

आम्ही केलं. पहिल्यांदा अर्धं मैदान नीट गेलं. दुसऱ्यांदा पाऊण. आठवडाभरात रांग अशी चालायला लागली की तिच्याकडं बघून झुलावंसं वाटे. एकदम डौलदार, जरा तिरपी, कवायतीपेक्षा नाचाच्या जवळची. हेडमास्तर व्हरांड्यात येऊन उभे राहायचे आणि त्यांची चप्पल फरशीवर हलायची.

त्या आठवड्यात मी आणखी एक गोष्ट पाहिली जी मला आजवर विसरता आली नाही. उस्तादांनी हजेरीच्या जुन्या कागदावर पाच-पाच रेघा ओढल्या आणि मी वाजवत असताना त्यांवर ठिपके काढत गेले, शेपटीवाले ठिपके, रेघेवर, रेघांच्या मधे. मुंग्यांची रांग जशी. मग मला थांबवून, त्या कागदाकडं बघत, त्यांनी कॉर्नेटवर अव्वाचं गाणं जसंच्या तसं वाजवलं.

"हे काय हाय?"

"लिख्या मैं. हमारा बँडमास्टर गोवे का था, उनो सिखाये."

मला वाटलं ते उर्दू शिकलेले असतील, मोठे वाचणारे असतील. विचारलं, तर म्हणाले, "नै बेटा, अक्षर नै आता मेरेकु. दस्तखत कू अंगूठा." पगाराच्या कागदावर ते अंगठाच उठवायचे, हे नंतर मी पाहिलं. जो माणूस स्वतःचं नाव लिहू शकत नव्हता तो आवाज लिहू शकत होता. मी त्यांना म्हणालो, हे मला शिकवा. ते म्हणाले, "तुम मेरेकु नाम लिखना सिखाव." झालं. रोज कवायत झाल्यावर कडुनिंबाखाली मी त्यांना मातीत अक्षरं काढून दाखवायचो आणि ते मला रेघा. उर्दू मला येत नव्हती, म्हणून ते आपलं नाव देवनागरीत शिकले.

बिदरला आम्ही लॉरीतून गेलो. मैदान एवढं मोठं की आमचे चौदा जण त्यात दाण्यासारखे. अकरा-बारा शाळा होत्या, त्यांतल्या चार शाळांचा बँड होता. आमच्या पुढच्या शाळेचे ड्रम एक-दो, एक-दो असे सरळ. मग आमचा नंबर आला. मी वाटी ओठांना लावली, आणि क्षणभर ओठ कोरडे पडले, नुसता वारा. ढोलवाल्यानं माझ्याकडं न बघता ढोलाचा पहिला ठोका दिला आणि मग सूर लागला.

आम्ही नीट गेलो. अगदी नीट. पण आमच्या मागं जी शाळा होती तिच्याकडं बँड नव्हता. ती मुलं आमच्या ढोलावर पाय टाकत येत होती, आणि सात मात्रांचं गणित त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. सलामीच्या मंडपासमोर त्यांची रांग विस्कटली. काही थांबले, काही उड्या मारून पाय बदलायला लागले, लोक हसायला लागले. मला मागं बघता येत नव्हतं, फक्त हसू ऐकू येत होतं, आणि वाटलं आम्हालाच हसतायत. तरी वाजवत राहिलो.

संचलन संपल्यावर मंडपातले एक लष्करी अधिकारी खाली उतरून आले. उस्तादांनी खाडकन टाच जुळवली. अधिकाऱ्यांनी विचारलं, "ये कौन-सा मार्च है? मैंने तो कहीं नहीं सुना."

उस्तादांनी माझ्याकडं बोट केलं. "साब, इसकी अम्मा का है."

अधिकाऱ्यांना वाटलं ते थट्टा करतायत. मग मी कोलाट काय, मेहकर काय, सगळं अडखळत सांगितलं. त्यांनी ढोलवाल्याला ढोल पुन्हा वाजवायला लावला, स्वतःच्या बुटांनी जागेवर पावलं टाकून पाहिली, चुकले, पुन्हा टाकली आणि "अच्छा!" म्हणाले. नंबर आम्हाला मिळाला नाही. ढोल डाव्या पायावर नाही म्हणून गुण कापले, असं हेडमास्तरांना कळलं. ते वाद घालायला निघाले होते, उस्तादांनीच थांबवलं. परतीच्या लॉरीत उस्ताद पुढं ड्रायव्हरशेजारी न बसता आमच्यात, ढोलाला टेकून बसले आणि सगळी वाट ती चाल तोंडानं वाजवत आले.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी बँड बाजारपेठेतून काढला. अव्वाला बिदरला येणं शक्यच नव्हतं, पण आता आम्ही तिच्याच दारावरून चाललो होतो. ती दुकानाच्या पायरीवर पदर सावरून उभी होती. शेजारच्या बायकाही. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, ती हसत नव्हती, रडत नव्हती, कान देऊन ऐकत होती. अप्पा मात्र गल्ला उघडा टाकून रस्त्यावर आले होते.

संध्याकाळी मी विचारलं, "कसं वाटलं अव्वा?"

"चांगलं वाजवलास. पर एक जागा चुकली."

"कुठली?"

ती गायली. दुसऱ्या ओळीच्या शेवटी, जिथं मी म घेत होतो, तिथं. मी पेटी उघडली. म दाबला. "हा?"

"न्हाई."

ग दाबला.

"न्हाई रं. ह्याच्या वर."

"मंग तीव्र म?"

"तो कुठला? मी म्हंते तो." तिनं पुन्हा म्हटलं. आणि मला ऐकू आलं. ती जे म्हणत होती ते ग आणि म यांच्या मधे होतं, जरा हेलकावत. त्या जागेला पेटीत पट्टी नव्हती, कॉर्नेटला कळ नव्हती, आणि उस्तादांच्या पाच रेघांवर ठिपका काढायला जागा नव्हती. उस्तादांना विचारलं. त्यांनी तिला दुकानात येऊन, पायरीवर बसून दोनदा ऐकलं. ही पहिलीच वेळ की उस्ताद आमच्या दारी बसले आणि अव्वानं त्यांना चहा दिला. ऐकून ते म्हणाले, "मियाँ, ये हमारे बँड में नै."

पुढच्या वर्षी मी मॅट्रिक झालो. उस्तादांची बदली नव्हती, पण त्यांच्या मुलीनं हैदराबादला बोलावलं आणि ते गेले. जाताना शाळेच्या कागदावर सही केली, नीट, एकेक अक्षर जोडून. ढोलवाला शेतीत गेला आणि त्याच्या गावच्या जत्रेत त्याचा ढोल अजून लोकांना आठवतो. मी गुलबर्ग्याच्या कॉलेजात गेलो. तिथं पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी फळ्यावर नळीतल्या हवेच्या लाटा काढून दाखवल्या, आणि एका नळीत ठरावीक लाटाच मावतात, म्हणून बिगुलाचे सूर उड्या मारतात, हे मला एका तासात कळलं. मी तो तास कधी विसरणार नाही. पण अव्वाच्या त्या जागेबद्दल विचारलं तर त्यांनी हात झटकला.

सुट्टीत मी घरी आलो की ती जागा पुन्हा पुन्हा ऐकायचो. मग कुणीतरी सांगितलं की संतपूरला एक म्हातारा सनईवाला आहे, लग्नाकार्यात वाजवतो, त्याला विचार. मी गेलो. तो तुरीच्या शेतात खळं सारवत होता. मी त्याला बांधावर बसून अव्वाची ओळ म्हणून दाखवली, जमेल तशी. त्यानं हात धुतले, सनई आणली, एका भोकावरचं बोट अर्धं उचललं, ओठ जरासे आवळले आणि तो सूर लावला. अगदी तोच, हेलकाव्यासकट.

"हे कसं केलंत?" मी विचारलं.

"बस इथं," तो म्हणाला.

मी दोन दिवस राहिलो. मग पुढच्या सुट्टीत पंधरा दिवस. सनईवर तो सूर मला यायला दीड वर्ष लागलं.